ओळख पटणे आणि ओळख देणे

मराठीत 'ओळख' या शब्दाला निरनिराळी क्रियापदे जोडली की त्याचा अर्थ पायरीपायरीने चढत जातो. मूठ मिटून आपण मुलाला 'ओळख पाहू' म्हणतो, तेव्हा त्याने नुसता अंदाज करायचा असतो. हरवलेल्या वस्तूची 'ओळख पटली' असे म्हणतो, तेव्हा अंदाज संपलेला असतो. काही खूण, काही पुरावा हाती आलेला असतो. आणि लग्नाच्या मांडवात एखादा जुना परिचित नजर चुकवून पुढे गेला, तर आपण म्हणतो, 'त्याने ओळख दिली नाही.' या तिसऱ्या प्रयोगात अज्ञानाचा भाग नाही. आपण कोण हे त्याला पुरते ठाऊक असते. ते त्याने मान्य केले नाही, एवढीच तक्रार असते. अंदाज हा बुद्धीचा खेळ, ओळख पटणे हे पुराव्याचे काम. ओळख देणे मात्र नीतीच्या प्रांतात येते.

माणसांच्या बाबतीत हा विचार करू लागलो की रागलोभ आड येतात. म्हणून आधी एक निर्जीव वस्तू घेऊ आणि तिच्यावर या तीन पायऱ्या तपासून पाहू. ही वस्तू म्हणजे जुना दूरचित्रवाणी संच. तोही साधासुधा नव्हे, तर ज्याचा घाट पाहून 'हा भविष्यकाळातून आला की काय' असे वाटावे असा.

आपल्याकडे पन्नाशी उलटलेल्यांच्या आठवणीतला पहिला टीव्ही म्हणजे चार पायांवर उभे असलेले लाकडी कपाट, पडद्यापुढे सरकते शटर आणि क्वचित त्याला कुलूप. क्राऊन, वेस्टन, टेलिव्हिस्टा, डायनोरा ही नावे अजून अनेकांना पाठ असतील. त्यामुळे टीव्हीचा संच अंतराळवीराच्या शिरस्त्राणासारखा गोल असू शकतो, किंवा वाऱ्याने फुगलेल्या शिडासारखा तिरका, हे एकदम खरे वाटत नाही. पण १९५० नंतरच्या पंचवीस वर्षांत अमेरिका, युरोप आणि जपान या तिन्ही ठिकाणी असे संच निघाले, विकले गेले आणि आज संग्राहक ते शोधत फिरतात.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या फिल्को कंपनीने १९५८ साली 'प्रेडिक्टा' नावाची मालिका बाजारात आणली. प्रेडिक्ट म्हणजे भाकीत करणे. तेव्हा भविष्य नावातच होते. त्यापूर्वी चित्रनलिका लाकडी पेटीच्या पोटात दडवलेली असे. सेव्हेरिन जोनासेन आणि रिचर्ड व्हिपल या आरेखकांनी ती बाहेर काढून पेटीच्या माथ्यावर बसवली. मानेवर चेहरा वळावा तसा हा पडदा डावीउजवीकडे वळत असे. याच मालिकेतल्या 'पेंटहाउस' या प्रकारात तर पडदा पेटीपासून वेगळाच केलेला होता. लांब केबलने जोडलेला, खोलीत हवा तिथे ठेवता येणारा.

त्याच सुमारास, १९५७ पासून, पश्चिम जर्मनीत वोल्फेनब्युटेल येथील कुबा कंपनी 'कोमेट' नावाचा संच बनवीत होती. कोमेट म्हणजे धूमकेतू. खाली रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि ध्वनिक्षेपक सामावणारे रुंद कपाट आणि वर शिडासारखा तिरका, फिरवता येणारा पडद्याचा भाग असे त्याचे रूप. सीमाभागातल्या वाचकाला एक गोष्ट सांगाविशी वाटते: वोल्फेनब्युटेल जिल्हा त्या वेळी पूर्व जर्मनीच्या सीमेला भिडलेला होता. पलीकडे तारेचे कुंपण आणि अलीकडे दिवाणखान्यात धूमकेतू!

इटलीत १९६४ साली मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर यांनी ब्रिऑनव्हेगा कंपनीसाठी 'अल्गोल' हा छोटा, हातात उचलून नेण्याजोगा संच आखला. त्याचा पडदा किंचित वर पाहतो, एखादे पाळीव जनावर धन्याकडे मान वर करून पाहते तसा. जमिनीवर ठेवला तरी बसल्या जागेवरून दिसावा, हे त्यामागचे साधे कारण. आणि माणूस चंद्रावर उतरल्यानंतरच्या वर्षी, १९७० मध्ये, जपानच्या जेव्हीसी कंपनीने 'व्हिडिओस्फिअर' काढला: प्लास्टिकचा गोल, पुढे काळसर काच, छताला टांगण्यासाठी वर साखळी. अंतराळवीराचे शिरस्त्राण आणि हा संच शेजारी ठेवले तर कोणी कोणाची नक्कल केली हे सांगायला नको. पॅनासॉनिकचा 'ऑर्बिटेल' हा तर तीन पायांवर उभी असलेली उडती तबकडीच.

असा एखादा संच माळ्यावर किंवा जुन्या बाजारात सापडला की प्रश्न येतो: हे काय आहे, कोणी केले, केव्हाचे आहे? वरवर हा प्रश्न जाणकारांचा वाटतो. माझ्या मते तो मुळात नीतीचा आहे.

पहिली पायरी अंदाजाची. घाट पाहून नाव ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. गोल दिसले की 'व्हिडिओस्फिअर', पडदा वर वेगळा दिसला की 'प्रेडिक्टा', आणि काहीही विचित्र दिसले की 'चांद्रयुगातले'. परंतु इंग्लंडमध्ये केराकलर नावाचे गोलाकार संच निघाले. ते रंगीत आणि आकाराने बरेच मोठे, खाली बैठक असलेले. जेव्हीसीचा गोल लहान आणि कृष्णधवल. वेल्ट्रॉन नावाचा आणखी एक गोल बाजारात दिसतो. तोही शिरस्त्राणासारखाच, पण त्यात चित्रनलिकाच नाही, रेडिओ आणि टेप आहे. तिन्हींना एकच नाव देणाऱ्याने पाहिले काय? समोरची वस्तू नव्हे, आपल्या डोक्यातली कल्पना पाहिली. बरे, रूप जुने म्हणून वस्तू जुनी असेही नाही. १९९० च्या दशकात प्रेडिक्टाच्या घाटाचे नवे रंगीत संच अमेरिकेत तयार करून विकले गेले. चेहरा १९५८ चा, जन्म चाळीस वर्षांनंतरचा.

दुसरी पायरी ओळख पटण्याची, आणि तिथे पहिली गोष्ट करायची ती म्हणजे संच उलटा फिरवून त्याची पाठ पाहणे. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी बनवलेली असते, मागची बाजू दुरुस्ती करणाऱ्यासाठी; साहजिकच मागे सजावट कमी आणि माहिती जास्त. तिथल्या कागदी किंवा धातूच्या पट्टीवर कंपनीचे नाव, मॉडेलचा क्रमांक आणि विजेचा दाब असतो. दाब ११७ व्होल्टच्या आसपास असेल तर संच अमेरिकेकडचा, २२० ते २४० असेल तर बहुधा युरोपातला, १०० असेल तर जपानच्या घरगुती बाजारातला.

पट्टी निघून गेली असेल तर वाहिन्यांची तबकडी बोलते. अमेरिकन संचावर २ ते १३ हे आकडे असतात. १९६२ च्या एका कायद्यानुसार ३० एप्रिल १९६४ नंतर तिथे बनणाऱ्या प्रत्येक संचात त्यापुढच्या, १४ ते ८३ या वाहिन्यांचीही सोय करणे सक्तीचे झाले. तेव्हा ती सोय नसलेला अमेरिकन संच १९६४ च्या आधीचा म्हणता येतो. पण याचे उलटे खरे नाही. ती सोय आहे म्हणून संच नंतरचाच, असे म्हणता येत नाही; कारण आधीही काही संचांत ती असे. एका खुणेवरून एकाच बाजूने निष्कर्ष निघतो, दुसऱ्या बाजूने नाही, हे भान ठेवणे म्हणजेच निम्मी प्रामाणिकता.

मग चित्रनलिकेवरचा क्रमांक. अमेरिकन पद्धतीत पहिला आकडा पडद्याचे माप इंचांत सांगतो आणि शेवटी 'पी ४' असेल तर नळी कृष्णधवल, 'पी २२' असेल तर रंगीत. युरोपात 'एडब्ल्यू ५३' अशा धर्तीचे क्रमांक दिसतात. त्यातला आकडा सेंटिमीटरचा. अमेरिकेतील ध्वनिक्षेपकावर आणि इतर सुट्या भागांवर पुष्कळदा एक संकेतांक छापलेला असतो: पहिले तीन आकडे कारखान्याचे, मग वर्ष, मग आठवडा. वर्षासाठी कधी कधी एकच आकडा असतो. ८ म्हणजे १९५८ की १९६८, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. इतर खुणा पाहाव्या लागतात. शिवाय सुटा भाग नंतर बदललेला असू शकतो. आणि हे सारे पाहताना घाई उपयोगाची नाही: संच बंद करून वायर काढली तरी चित्रनलिका बराच काळ उच्च दाबाची वीज धरून राहते, म्हणून मागचे झाकण जाणकारानेच उघडावे.

एवढे सगळे करूनही पुष्कळदा उत्तर येते ते असे: 'बहुधा अमुक कंपनीचा, अमुक वर्षाच्या आधीचा नव्हे.' हे उत्तर विकणाऱ्याला आवडत नाही आणि घेणाऱ्यालाही आवडत नाही. प्रसिद्ध नाव चिकटले की किंमत वाढते. कोणी म्हणेल, एका निर्जीव पेटीला चुकीचे नाव दिले तर कोणाचे बिघडले? बिघडते दोघांचे. घेणाऱ्याचे पैसे जातात, हे उघड आहे. न दिसणारे नुकसान त्या अनाम कारखान्यातल्या हातांचे होते. त्यांनी केलेली वस्तू दुसऱ्या कोणा नामवंताच्या खात्यावर जमा होते. म्हणून 'बहुधा' हा शब्द मला भित्रा वाटत नाही. जिथे पुरावा संपतो तिथे थांबण्याचे ते धैर्य आहे.

इथे एक जुना प्रश्न उभा राहतो. समजा, एका प्रेडिक्टाची चित्रनलिका जळली म्हणून दुसरी बसवली, आतले कपॅसिटर बदलले, वायरिंग नवे केले. तो प्रेडिक्टाच राहिला काय? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल असेच विचारतो: चाके म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय? कोणताही एक भाग म्हणजे रथ नव्हे, आणि सगळ्यांवाचून वेगळा रथही नाही. भागांच्या आधारे चालणारे ते एक नाव आहे. मला हे उत्तर टीव्हीच्या संचालाही लागू पडते असे वाटते. भाग बदलल्याने नाव लगेच खोटे ठरत नाही. काही लोक गोल संचाचे पोट रिकामे करून आत आजचा सपाट पडदा बसवतात. काही त्यात मासे पाळतात. तेही, माझ्या मते, पाप नव्हे. पाप आहे ते झाकण्यात. काय बदलले आणि केव्हा, हे सांगितले तर ती वस्तूच्या चरित्राची पुढची नोंद होते. न सांगता 'मूळचा, जसाच्या तसा' म्हटले तर तीच गोष्ट लबाडी होते.

या संदर्भात १९३९ सालची एक गोष्ट मोठी बोलकी आहे. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आरसीए कंपनीने आपला 'टीआरके-१२' हा संच मांडला. प्रदर्शनाचे सूत्रच 'उद्याचे जग' हे होते. लोकांना ही नजरबंदी वाटू नये, आत काही हातचलाखी नाही हे दिसावे, म्हणून त्या संचाची एक प्रत पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत बसवली होती. आतल्या नळ्या, तारा, सारे उघडे. त्यात उभी ठेवलेली चित्रनलिका आणि तिचे चित्र दाखवणारा झाकणातला आरसा कोणालाही पाहता येई. पुढे जे 'भविष्यातले' संच आले त्यांनी आतले झाकून बाहेरचे नटवले. या संचाने मात्र आपले पोट उघडे करून विश्वास मागितला.

प्रेडिक्टाचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. त्याच्या आतल्या छापील सर्किटच्या पाट्या उष्णतेने बिघडत, दुरुस्तीच्या तक्रारी वाढल्या आणि १९६० मध्ये त्याचे उत्पादन थांबले. १९६१ च्या अखेरीस खुद्द फिल्को कंपनी फोर्ड मोटर कंपनीने विकत घेतली. गंमत अशी, की वळणारी मान आणि सोनेरी पट्टी हे ज्याला लोक भविष्य समजले ते मागे पडले. आणि जी छापील पाटी बिघडत होती तीच खरी भविष्यातली ठरली. आज आपल्या खिशातल्या फोनपर्यंत सगळीकडे तिचेच राज्य आहे. भविष्य त्या संचात होते, पण जिथे बोट दाखवले होते तिथे नव्हते.

आपल्या शेजारचा दाखला याहून स्पष्ट आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात भारतात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. तो 'साइट' या नावाने प्रसिद्ध आहे. 'नासा'चा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी उसना मिळाला होता. सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी निवडली होती. कर्नाटकातली खेडी विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतली, म्हणजे बेळगावच्या अगदी शेजारचीही. संच हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कारखान्याने बनवलेले. त्यांना गोलाई नव्हती, शिडे नव्हती, शिरस्त्राण नव्हते. शेजारी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटर व्यासाची छत्री. कोणा संग्राहकाला ते 'भविष्यातले' वाटणार नाहीत. पण प्रेडिक्टा आपल्या शहराच्या मनोऱ्यावरून येणारे चित्र पकडत होता. विजापूरच्या खेड्यातला साधा संच सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून थेट येणारे चित्र दाखवीत होता आणि सारे गाव त्यासमोर बसत होते. धूमकेतूचे नाव कुणी घेतले आणि आकाशाशी नाते कुणाचे जुळले, हे वाचकांनीच ठरवावे.

आता माणसांकडे वळू. सीमाभागात, किंवा इंदूर, बडोदे, हैदराबादसारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना 'ओळख पाहू' हा खेळ रोज सोसावा लागतो. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे की 'गौडा', उच्चारात हेल कुठला, दुकानाची पाटी कोणत्या लिपीत, यावरून समोरचा आपल्याला नाव ठेवून मोकळा होतो. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी आणि देवघरात संस्कृत असलेल्या माणसाला जनगणनेच्या कागदावर मातृभाषेचा रकाना एकच असतो. इतर येणाऱ्या भाषांसाठी आणखी दोन जागा आहेत. पण 'आई' या शब्दाला तिथे अनेकवचन नाही. केबलच्या काळात याच घरांत एकाच संचावर 'सह्याद्री' आणि 'चंदना' दोन्ही लागत. तो संच मराठी की कन्नड, असे कोणी कधी विचारले नाही.

वस्तूच्या बाबतीत घाटावर विसंबू नका, पाठ पाहा, असे मी वर म्हटले. तोच न्याय माणसाला लावावा काय? अर्धाच. घाटावर विसंबू नये हे खरेच. आडनाव हा घाट आहे, हेल हा घाट आहे. त्यांवरून निघणारा निष्कर्ष 'बहुधा'च्या पुढे जाता कामा नये. पण माणसाला उलटे फिरवून त्याच्या पाठीवरची पट्टी वाचण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही. दाखले, नोंदी, उतारे ही कचेरीची भाषा; कचेरीला ओळख पटवून घ्यावी लागते, ती तिने घ्यावी. वस्तू मुकी असते म्हणून तिच्या खुणा वाचाव्या लागतात. माणूस बोलतो. त्याला विचारता येते, आणि तो जे सांगेल त्यावर विश्वास ठेवता येतो. तो 'मी दोन्हीकडचा' म्हणाला तर ते उत्तर अपुरे नाही; नागसेनाच्या रथासारखे ते अनेक भागांनी मिळून खरे असलेले उत्तर आहे. कोणी मूळ भाषेतले काही गमावले असेल, दुसऱ्या भाषेतले काही बसवून घेतले असेल. ते त्याने झाकले नाही तर ती लबाडी नव्हे, चरित्र आहे.

भविष्याबद्दलही एक शब्द. सीमाभागाला अनेकांनी भविष्ये विकली आहेत, आणि ती सगळी दिसायला मोठी देखणी होती. त्यांची पारख पेटीच्या रंगावरून न करता आत काय चालते आणि समोर कितीजण बसू शकतात यावरून करावी, एवढे तरी त्या विजापूरकडच्या साध्या संचावरून शिकता येईल.

ओळखणे हुशारीने जमते. ओळख पटवणे चिकाटीने जमते. ओळख देण्यासाठी या दोन्हींपैकी काहीच लागत नाही; समोरचा जो आहे तो तसा आहे, असे चारचौघांत म्हणण्याची तयारी लागते. या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन शेजारच्या दारी जाताना आपण त्याच्या दारावरची पाटी कोणत्या लिपीत आहे हे पाहत नाही. हात भरलेले असतात; हाक मारावी लागते, आणि हाक नावानेच मारावी लागते.